बी.एस्सी. फॉरेन्सिक घ्यावं की साधी केमिस्ट्री? (गंगाखेड, बारावी सायन्स)

शर्वरी_गंगाखेड

नमस्कार. मी यंदा बारावी सायन्स झाले. नीट दिली होती, पण मार्क असे आले की एमबीबीएसचं नाव काढायची सोय नाही. खरं सांगते, फार वाईट वाटलं नाही. डॉक्टर व्हायची हौस घरच्यांनाच जास्त होती.

मला गुन्ह्याच्या तपासात रस आहे. टीव्हीवरच्या मालिका बघून नाही. आमचं कृषी सेवा केंद्र आहे. जवळच्या गावात एका बाईचा फवारणीचं औषध पोटात जाऊन मृत्यू झाला, तेव्हा पोलीस बिलबुक बघायला दुकानात आले होते. सासरचे म्हणत होते तिनेच घेतलं, माहेरचे म्हणत होते पाजलं. हवालदार पप्पांना म्हणाले, "व्हिसेरा राखून ठेवलाय, सीए आल्याशिवाय काही बोलता येत नाही." व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी बरणीत ठेवलेले पोटातले अवयव, आणि सीए म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. तो सीए यायला इतके महिने लागले की गावातले लोक ती गोष्टच विसरले. मी नाही विसरले. त्या बरणीचं पुढे काय होतं, कोण बघतं, हे मला तेव्हापासून जाणून घ्यायचंय.

आता माझ्यासमोर हे आहे: संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत बी.एस्सी. फॉरेन्सिक, जागा मिळाली तर. पुण्यात एक खासगी विद्यापीठ आहे, तिथे 'क्रिमिनॉलॉजी अँड फॉरेन्सिक' आहे, वर्षाची फी लाखांत, आणि तिथला काउन्सेलर फोनवर म्हणाला की शंभर टक्के प्लेसमेंट, सीबीआयमध्येसुद्धा. नाहीतर परभणीला साधी बी.एस्सी. केमिस्ट्री, रेल्वेने जाऊन येऊन. मामा वकील आहेत, ते म्हणतात पाच वर्षांचं लॉ कर, बाकी सगळं टाइमपास.

या शिक्षणाने नोकरी नक्की कुठे लागते? रोजचं काम काय असतं? मुली घटनास्थळी जातात का? पप्पांचं एकच पालुपद आहे, "मढ्याचं काम पोरीला कशाला?" कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

मैदान_पहाटे_पाच

ताई, तपासच करायचा असेल तर पीएसआय हो. तपासी अंमलदार तोच असतो, बाकी सगळे त्याला कागद देणारे. कुठलीही पदवी चालते. एमपीएससीची पूर्व, मुख्य, मग मैदान आणि मुलाखत. मुलींना उंची १५७ सेंमी लागते, ती आधी मोजून घे, म्हणजे पुढे मनस्ताप नको. निवड झाली की नाशिकच्या पोलीस अकादमीत ट्रेनिंग. फॉरेन्सिकची डिग्री आहे म्हणून एक मार्क जास्त मिळत नाही, त्यामुळे त्यासाठी लाखो रुपये घालवू नको. जाहिरात कधी येईल, निकाल कधी लागेल, याचा भरवसा नाही. हातात दुसरं काहीतरी असू दे. मी स्वतः तिसऱ्यांदा मुख्य देतोय, म्हणून हे बोलतोय.

निवृत्त_विश्लेषक

शर्वरी, कृषी सेवा केंद्र वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. मी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागातून निवृत्त झाले. तुझे ते हवालदार ज्या सीएची वाट बघत होते, तसे सीए लिहिण्यातच माझी सगळी नोकरी गेली. तेव्हा बरणीचं काय होतं ते मीच सांगते.

आधी पप्पांची काळजी मिटव. शवविच्छेदन आम्ही करत नाही, ते डॉक्टर करतात. आधी एमबीबीएस, आणि त्यातच मुरायचं असेल तर न्यायवैद्यकशास्त्रात एमडी. बी.एस्सी. फॉरेन्सिक करून कुणी शवागारात सुरी धरत नाही. पोरं तशा कल्पनेने प्रवेश घेतात आणि दुसऱ्या सेमिस्टरला तोंड पाडून बसतात.

आमच्याकडे बरण्या येतात. जठर आणि त्यातले पदार्थ एका बरणीत, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे दुसऱ्या बरणीत, रक्त वेगळ्या बाटलीत. अवयव बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणात असतात, आणि त्या द्रावणाचा थोडा नमुना वेगळ्या बाटलीत पाठवायचा असतो. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की विष मिठाच्या पाण्यातच होतं. सोबत डॉक्टरांचा फॉर्म, पोलिसांचं पत्र आणि सीलचा नमुना. एखादा शिपाई तालुक्याहून एसटीने खोकं मांडीवर घेऊन येतो आणि आवक खिडकीशी रांगेत उभा राहतो. तिथे आम्ही पहिलं काय बघायचं तर सील. नमुन्याशी जुळतं का, लाख फुटली आहे का, लेबलवरचं नाव आणि पत्रातलं नाव एकच आहे का. नाही जुळलं तर मुद्देमाल परत. शिपाई हातापाया पडतो, साहेब ओरडतील म्हणतो, तरी परत. हे कुठल्याही मालिकेत दाखवत नाहीत, पण निम्मी नोकरी ही आहे: नोंदी, वह्या, सह्या, तारखा. तुला कारकुनीचा कंटाळा असेल तर आत्ताच विचार कर.

मग खरं रसायनशास्त्र. अवयवातून विष वेगळं काढायचं, गाळायचं, आटवायचं, प्लेटवर ठिपके द्यायचे, फवारा मारून रंग बघायचा, शंका उरली तर गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, घालायचं. आता यंत्रं चांगली आली आहेत, पण यंत्रात घालायचा नमुना अजून हातानेच तयार होतो आणि तिथेच माणसाचं कसब कळतं. वास असतो, तो लपवत नाही. सुरुवातीचे काही महिने दुपारचा डबा उघडवत नाही. नंतर त्याच वासावरून साधारण कुठल्या गटातलं औषध असेल याचा अंदाज यायला लागतो. अर्थात अहवालात वासावर काही लिहायचं नसतं. तू दुकानात वाढलीस, तुला हा अंदाज माझ्याआधी येईल!

एक गोष्ट मात्र तुला आत्ताच सांगायला हवी, कारण तू त्या बाईसाठी इकडे येऊ बघतेस. आमचा अहवाल सांगतो की अमुक गटातलं कीटकनाशक आढळलं. ते तिने घेतलं की पाजलं, हे अहवाल सांगत नाही, सांगूही शकत नाही. कधी तर विष असूनही अहवाल नकारात्मक येतो, कारण उलट्या झालेल्या असतात, दवाखान्यात पोट धुतलेलं असतं, नाहीतर अवयव कुजलेले असतात. उत्तर मिळेल या आशेने आलेली मुलं इथे निराश होतात. ज्यांना एका प्रश्नाचा एक छोटा तुकडा पक्का करण्यात समाधान वाटतं, ती टिकतात.

आणि रोज खुनाच्याच केसेस असतात असंही समजू नकोस. माझ्या सुरुवातीच्या काळात मी दारूबंदीच्या बाटल्याच जास्त तपासल्या. हातभट्टी, ताडी, पिऊन गाडी चालवणाऱ्यांचं रक्त. ढीगच्या ढीग. तेही कुणीतरी करावंच लागतं. प्रयोगशाळेत रक्त, डीएनए, बॅलिस्टिक (बंदुका-गोळ्या), सायबर, आवाजाची तपासणी असे वेगवेगळे विभाग असतात. कुठे बसवतील ते आपल्या हातात नसतं.

आता नोकरीचं. राज्याचं संचालनालय मुंबईत कलिन्याला आहे. नागपूर, पुणे, संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तुला नांदेड जवळ. खालची पदं म्हणजे प्रयोगशाळा सहायक, वैज्ञानिक सहायक, ती संचालनालयाच्या जाहिरातीतून भरतात. सहायक रासायनिक विश्लेषक हे पद एमपीएससीतून. केंद्राच्या प्रयोगशाळा पुणे, हैदराबाद, भोपाळ, चंदीगड, कोलकाता, गुवाहाटी इथे आहेत, आणि दिल्लीची सीबीआयच्या ताब्यात. ही सगळी पदं जाहिरात, परीक्षा, मुलाखत अशीच भरली जातात. कुठल्याही कॉलेजात येऊन सीबीआय मुलं उचलत नाही. तुझ्या त्या काउन्सेलरला सांग, मागच्या बॅचमधल्या कुणाला सीबीआयचं नेमणूकपत्र मिळालं ते दाखव. बघ फोन कसा कट होतो.

जुन्या जाहिराती शोध आणि पात्रतेची ओळ वाच. 'रसायनशास्त्र विषयासह' असे शब्द दिसतात का ते बघ. तिथेच गोम आहे. पदवीच्या नावात फॉरेन्सिक आहे पण केमिस्ट्रीचे पेपर तुटपुंजे, अशा मुलांना अर्ज भरताना घाम फुटलेला मी पाहिलाय. म्हणून माझं म्हणणं असं: संभाजीनगरला शासकीय संस्थेत जागा मिळाली तर आधी अभ्यासक्रम मागवून केमिस्ट्री किती आहे ते बघ, ठीक असेल तर घे. नाही मिळाली तर परभणीला केमिस्ट्री कर, प्रॅक्टिकल मन लावून कर, आणि मग एम.एस्सी. फॉरेन्सिक किंवा अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ त्या वेळी बघता येईल, त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. पुण्याच्या खासगीचा नाद सोड. जायचंच म्हणालीस तर एकच विचार: क्रोमॅटोग्राफला विद्यार्थ्याचा हात लागतो, की काचेतून दाखवतात?

मुली घटनास्थळी जातात का? आमच्या विभागात बायकाच जास्त होत्या, पण घटनास्थळी आमची पिढी क्वचित गेली. आता बदलतंय. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) मध्ये असं आहे की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. २०२५ पासून आपल्याकडे त्यासाठी फिरत्या फॉरेन्सिक गाड्याही सुरू झाल्या. म्हणजे माणसं लागणार हे नक्की. ती कायम घेतील की कंत्राटी, यावर मात्र डोळे उघडे ठेव. कंत्राटी कामावर अनुभव मिळतो, पण गृहकर्ज मिळत नाही.

बिट_बाय_बिट

मॅडमचा अनुभव मोठा आहे, तरी मला थोडं वेगळं वाटतं. मी शासकीय संस्थेतूनच बी.एस्सी. फॉरेन्सिक आणि मग डिजिटल फॉरेन्सिकमध्ये एम.एस्सी. केलं. आता पुण्यात एका खासगी फर्ममध्ये आहे. केमिस्ट्रीचा माझा काही संबंध उरला नाही. दिवसभर लोकांचे मोबाइल आणि लॅपटॉप. राइट ब्लॉकर (मूळ डेटा बदलू न देणारं उपकरण) लावायचा, इमेज (हुबेहूब कॉपी) घ्यायची, हॅश (डेटा बदलला नाही हे दाखवणारा आकडा) काढायचा, मग त्या कॉपीवर काम. बँकेतला घोटाळा, कंपनीतून डेटा चोरून गेलेला कर्मचारी, खोटे विमा दावे, हे आमचं गिऱ्हाईक.

बी.एस्सी. फॉरेन्सिकचा फायदा मला इथे झाला. कॉम्प्युटर इंजिनियर टूल माझ्यापेक्षा पटकन शिकतात, पण फोन हातात आला की त्यांचा पहिला झटका चालू करून बघण्याचा असतो! वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याची साखळी, सील, पंचनामा, हे तीन वर्षं डोक्यात कुटलेलं असतं ते कामाला येतं. नव्या साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आणि त्यात हॅश नोंदवायचा. त्यामुळे वकिलांचे फोन आता जास्त येतात.

पण गुलाबी चित्र नको. माझ्या वर्गातले बरेच जण औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहेत, दोघंतिघं बँकेत क्लार्क, एक जण हस्ताक्षर तपासणीची खासगी प्रॅक्टिस करू बघतोय आणि महिन्याकाठी फार काही सुटत नाही. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट परीक्षेत फॉरेन्सिक सायन्स आणि क्रिमिनॉलॉजी हे दोन वेगळे विषय आहेत, तेवढं लक्षात ठेव.

शर्वरी_गंगाखेड

सगळ्यांचे खूप आभार. मावशी (मावशी म्हटलं तर चालेल ना?), तुमचं उत्तर पप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. शवविच्छेदन डॉक्टर करतात हे ऐकून ते जरा निवळले. सीलचं ऐकून म्हणाले, "हे तर आपल्या स्टॉक रजिस्टरसारखंच आहे."

त्या काउन्सेलरला नेमणूकपत्राचं विचारलं. तो म्हणाला सरांशी बोलून कळवतो. अजून कळवतोच आहे.

उंची १५५ भरली, त्यामुळे पीएसआयचा प्रश्न आपोआप सुटला.

अजून एक विचारायचं होतं. तज्ज्ञाला कोर्टात उभं राहावं लागतं म्हणे. मला चार लोकांत बोलताना घाम फुटतो. तिथे काय विचारतात?

निवृत्त_विश्लेषक

मावशी चालेल. मॅडमपेक्षा बरं.

अग, प्रत्येक अहवालामागे कोर्टात जावं लागत नाही. आमच्या पदाचा अहवाल थेट पुरावा म्हणून वाचता येतो. पूर्वी ते फौजदारी संहितेचं कलम २९३ होतं, आता नव्या संहितेत ३२९ आहे. पण कोर्टाला वाटलं किंवा बचाव पक्षाने मागणी केली की समन्स येतं. मग बस पकडायची, कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसायचं, पुकारा होईपर्यंत दुपार. कधी पुढची तारीख पडते आणि तसंच परत यायचं.

उलटतपासणी कशी असते ते सांगते. एका तालुक्याच्या गावी बचावाच्या वकिलांनी मला विचारलं, "ही बरणी तुमच्याकडे येण्याआधी पोलीस ठाण्यात किती दिवस होती, तुम्हाला माहीत आहे?" म्हटलं, नाही. "फ्रीजमध्ये होती की टेबलावर?" माहीत नाही. "वाटेत कुणी उघडली असेल तर?" मग मी सांगितलं, सील अभंग होतं आणि नमुन्याशी जुळत होतं, त्यापलीकडचं मला सांगता येणार नाही. वकीलसाहेबांनी न्यायाधीशांकडे असं बघितलं की जणू केस जिंकलीच. सरकारी वकिलांनी फेरतपासणीत सीलचाच प्रश्न पुन्हा विचारला आणि पाच मिनिटांत मी बाहेर.

तिथे वक्तृत्व लागत नाही. जेवढं केलं तेवढंच बोलायचं आणि माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' म्हणायचं. हुशार पोरं इथेच फसतात, कारण त्यांना प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची सवय असते. कामाच्या वेळी वहीत जे लिहिलंस ती वही मात्र सोबत हवी. पाच-सहा वर्षांपूर्वीची प्लेट कुणाला आठवणार?

बिट-बाय-बिट, तुझं बरोबर आहे. सायबरला केमिस्ट्री लागत नाही. माझा सल्ला विषशास्त्रातून आलाय आणि हिला बरणीचंच कुतूहल आहे, म्हणून तसं लिहिलं.

सरकारपक्षातर्फे

मी सहायक सरकारी अभियोक्ता आहे, मराठवाड्यातच. वरच्या साक्षीतला 'सरकारी वकील' आमच्याच जातकुळीतला.

मामांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण त्यांनी पूर्ण सांगितलं नसावं. लॉ करून लगेच सरकारी नोकरी लागत नाही. आमचं पद एमपीएससीतून भरतात आणि त्याला काही वर्षांची प्रत्यक्ष वकिली लागते. न्यायाधीश व्हायचं तर सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे पदवीनंतर एखाद्या सीनियरच्या ऑफिसात फायली वाहायच्या, आणि त्या काळात घरून पैसे मागवायचे. मामांचं ऑफिस आहे ही तुमची खरी जमेची बाजू.

आम्ही मॅजिस्ट्रेट कोर्टात असतो. सत्र न्यायालयातले जिल्हा सरकारी वकील सरकार मुदतीवर नेमतं, ती परीक्षेची पदं नाहीत. पूर्वी आमच्या कामाची माणसं पोलीस खात्याच्याच हाताखाली असत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात पोलिसांपासून स्वतंत्र यंत्रणा करायला सांगितलं. त्यामुळे आज तपासी अंमलदाराला 'हे दोषारोपपत्र कच्चं आहे' असं तोंडावर म्हणता येतं. तो ऐकतो की नाही हा भाग निराळा.

मला रोज जाणवणारी उणीव सांगतो. पंच फितूर होतात, ते आम्ही धरूनच चालतो. पण अहवाल चांगला असूनही केस पडते तेव्हा बऱ्याचदा मधला दुवा सापडत नसतो: मुद्देमाल कारकुनाने नोंद केली नाही, ज्या शिपायाने बरणी नेली त्याची साक्षच घेतली नाही. हे कुणी आधी ओळखावं? ज्याला विज्ञान कळतं असा वकील असेल तर त्याने. तसे फार थोडे आहेत. त्यामुळे पाच वर्षांच्या लॉपेक्षा बी.एस्सी. करून नंतर तीन वर्षांचं एलएलबी हा रस्ता तुम्ही डोक्यात ठेवा. बचावाच्या बाजूलाही आता जागा आहेत. विधी सेवा प्राधिकरणाची लोकअभिरक्षक कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत झाली आहेत, गरीब आरोपींची फौजदारी प्रकरणं तिथले वकील लढतात. बीएनएसएसची, म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेची, कलमं आत्ताच वाचायला लागलात तरी हरकत नाही. जुन्या वकिलांचीही सध्या तीच परीक्षा चालू आहे.

भेटीचा_वार

सगळे पुराव्याबद्दल बोलताहेत. माणसांबद्दलही कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहिते.

मी एम.एस.डब्ल्यू. आहे. आधी निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात तिथे, काम केलं, आता तुरुंगातल्या बंद्यांसोबत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी बघा: देशभरात ५ लाख ७३ हजारांच्या आसपास बंदी, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. शंभरातले पंचाहत्तरहून जास्त. कुणाचा सीए आलेला नाही म्हणून खटला रखडलेला, कुणाला जामीन मंजूर आहे पण जामीनदार नाही. मी काय करते? घरी फोन लावते, रेशनकार्डाची झेरॉक्स मागवते, वकिलाला तारखेची आठवण करते. नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. जन्मठेप-फाशीचे गुन्हे त्यात नाहीत, आणि एकाहून जास्त केसेस असल्या तरी नाही. अशी माणसं यादीतून शोधून काढणं हेही काम असतं.

मुलांच्या बाजूला परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असतो. बाल न्याय मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई असावी लागते. मुलाला आणलं की परिविक्षा अधिकारी त्याच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल लिहितो. बाप काय करतो, शाळा कधी सुटली, कुणाच्या नादाला लागला. मंडळ त्यावरून ठरवतं.

यासाठी क्रिमिनॉलॉजी शिकायची तर मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेगारी आणि न्याय या विषयात एम.ए. आहे. त्यांचाच 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कोठडी आणि तुरुंगातल्या लोकांत काम करतो. कुठल्याही पदवीनंतर तिकडे जाता येतं, बी.एस्सी. आडवी येत नाही. पगाराचं विचारशील तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या कायम जागा कमी, कंत्राटी जास्त, आणि मानधन वेळेवर येईलच असं नाही. ज्यांच्या घरी दुसरा पगार आहे तेच टिकतात, हे मला आवडत नाही पण असंच आहे.

तू तुझ्या गावच्या त्या बाईबद्दल लिहिलंस. तिची मुलं होती का? ती आता कुणाकडे आहेत?

शर्वरी_गंगाखेड

ताई, एक मुलगी आहे. आजीकडे असते, माहेरच्या. आमच्या शाळेत चौथीला आहे.

मी संभाजीनगरचा फॉर्म भरला आणि परभणीचाही. संस्थेत फोन करून अभ्यासक्रम मागवला. केमिस्ट्री तिन्ही वर्षं आहे, पण तिसऱ्या वर्षी कमी वाटते. मावशी, पीडीएफचे फोटो तुम्हाला मेसेजमध्ये पाठवलेत. मामा अजून फुरंगटून आहेत, पण "बी.एस्सी. नंतर एलएलबी" वाचून म्हणाले, "मग ठीक आहे, माझं कपाट तोवर झाडून ठेवतो."

आणि एक सांगा, हॉस्टेल मिळतं का? की खोली बघावी लागेल?

निवृत्त_विश्लेषक

फोटो बघितले. तिसऱ्या वर्षी उपकरणीय विश्लेषणाचा, म्हणजे यंत्रांवर नमुने तपासण्याचा, पेपर आहे, तो केमिस्ट्रीच समज. चालेल. गुणपत्रिकेवर विषयाचं नाव कसं छापून येतं तेवढं तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचार, अर्ज करताना त्याच नावावरून घोळ होतो.

हॉस्टेलचं संस्थेतच विचार. समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदत लवकर संपते, तो आधी भर. तू ओबीसीत असशील तर नॉन-क्रीमिलेयरवरची तारीख बघ, ते ३१ मार्चला संपतं आणि नेमकं प्रवेशाच्या वेळी जुनं निघतं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि जात पडताळणी, तिन्हींच्या पावत्या एका फाइलमध्ये. सेतूवर गर्दी व्हायच्या आत सोमवारी सकाळीच जा.